होस्टिंग घेण्याआधी बाहेर पडायचं दार बघा

आमच्या वाचनालयाचा वेबपत्ता एका सोमवारी गेला. साइट बंद पडली तर पुन्हा उभी करता येते, पण इथे नावच हातचं गेलं. अकरा वर्षं पुस्तकांच्या मागच्या तारीख-चिठ्ठीवर छापलेला तो पत्ता उघडला की भलत्याच जाहिराती दिसायला लागल्या. झालं होतं असं, की ज्या मुलानं साइट बनवून दिली त्यानं डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवरून नोंदवलं होतं. पुढे तो दुसरीकडे नोकरीला लागला, तो ईमेल बघणं सुटलं आणि मुदत संपत आल्याच्या सूचना तिथेच पडून राहिल्या. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. डोमेन कुणाच्या नावावर आहे, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून हे काम माझ्याकडे आलं ते कायमचंच. आज मी सात लहान साइट सांभाळते: वाचनालयाची, एका गायनवर्गाची, पक्षीनिरीक्षकांच्या गटाची, एका फिजिओथेरपिस्ट बाईंची, दोन लेखकांच्या आणि एक शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची. या सातांसाठी होस्टिंग शोधताना, बदलताना जे शिकले ते इथे लिहिते आहे. कुठल्याही होस्टकडे गेले की माझा पहिला प्रश्न एकच असतो: उद्या इथून निघायचं झालं, तर सामान घेऊन निघता येईल का?

आधी नाव, मग जागा

डोमेन म्हणजे नाव आणि होस्टिंग म्हणजे जागा. हे दोन वेगळे व्यवहार आहेत आणि ते वेगळेच ठेवावेत. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची, म्हणजे नावावरून यंत्राचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेची, रचना मांडली. त्याआधी नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांची नावं आणि आकडी पत्ते एकाच फाइलमध्ये नोंदवलेले असत. डीएनएसमुळे नाव तेच ठेवून मागचं यंत्र केव्हाही बदलता येऊ लागलं. ही सोय आपल्याला आयती मिळाली आहे, ती एकाच कंपनीच्या खात्यात दोन्ही गोष्टी कोंबून घालवू नका.

होस्टिंगसोबत 'पहिल्या वर्षी डोमेन फुकट' असं जवळपास सगळीकडे लिहिलेलं असतं. मी ते घेत नाही. अटी उघडून वाचल्या तर बहुतेक ठिकाणी असं सापडतं, की होस्टिंग रद्द केलं तर त्या डोमेनची किंमत परताव्यातून कापली जाते. त्यापेक्षा डोमेन वेगळ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे), संस्थेच्या नावावर, स्वतः पैसे भरून घ्यावं.

डॉट कॉम, डॉट ऑर्गसारख्या डोमेनना आयकॅन या संस्थेचे नियम लागू होतात. त्यातले चार मला पाठ आहेत, तुम्हीही ठेवा. नवीन डोमेन घेतल्यावर ईमेलची खात्री करायला १५ दिवस मिळतात, नाही केली तर डोमेन थांबवलं जातं. घेतल्यापासून ६० दिवस ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे बहुधा हलवता येत नाही. हलवण्यासाठी लागणारा ऑथ कोड मागितल्यावर रजिस्ट्रारनं ५ दिवसांत द्यायलाच हवा. आणि मुदत संपून डोमेन रद्द झालं, तरी ३० दिवसांचा एक काळ असतो ज्यात जास्त पैसे भरून का होईना, ते मूळ मालकाला परत मिळू शकतं. आमच्या वाचनालयाला हा शेवटचा नियम कळला तेव्हा ते ३० दिवस केव्हाच सरले होते.

रजिस्ट्रारच्या खात्याला कुठला ईमेल द्यायचा, याचा नीट विचार करा. त्याच डोमेनवरचा ईमेल कधीही देऊ नका. डोमेन संपलं की तो ईमेलही बंद पडतो आणि सूचना तर त्याच पेटीत येणार असतात. वाचनालयासाठी मी एक स्वतंत्र ईमेल उघडला, त्याचा पासवर्ड मला आणि चिटणिसांना, दोघांना माहीत आहे. तुमची साइट आधीच चालू असेल तर आत्ताच लुकअप डॉट आयकॅन डॉट ऑर्ग या पानावर आपलं नाव टाकून बघा. मालकाचं नाव बऱ्याचदा झाकलेलं असतं, पण रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधी संपते हे दिसतं.

तुम्हाला कसली जागा लागणार?

इथे लोक उगाच घाबरतात किंवा उगाच मोठं घेतात. मी दोनच गोष्टी विचारते: साइटवर काय बदलतं, आणि ते कोण बदलतं?

गायनवर्गाची साइट चार पानांची आहे. वर्गाच्या वेळा, गुरूंची ओळख, फोटो, संपर्क. वर्षातून दोनदा वेळापत्रक बदलतं आणि ते मीच बदलते. अशा साइटला डेटाबेस लागत नाही. साध्या एचटीएमएल फाइली पुरतात, यालाच स्टॅटिक साइट म्हणतात. ती गिटहब पेजेस, क्लाउडफ्लेअर पेजेस किंवा नेटलिफायवर ठेवायला पैसे पडत नाहीत. गिटहब पेजेसवर साइट १ जीबीपर्यंत असू शकते आणि महिन्याला १०० जीबीपर्यंतची वर्दळ चालते. ऑनलाइन दुकान मात्र तिथे चालवता येत नाही, ते त्यांच्या अटींत लिहिलेलं आहे. सगळ्या फाइली माझ्या कॉम्प्युटरवर असतातच, त्यामुळे बाहेर पडायचं दार सताड उघडं. फक्त 'आम्हाला लिहा' असा फॉर्म हवा असेल तर त्याची वेगळी सोय करावी लागते. मी त्या जागी सरळ ईमेल पत्ता लिहिला आणि कुणाचं काही अडलं नाही.

वाचनालयाचं तसं नाही. तिथे तिघं जण दर आठवड्याला नवीन पुस्तकांची यादी टाकतात आणि तिघांपैकी कुणालाही कोडचा गंध नाही. तिथे वर्डप्रेस हवं, म्हणजे कोड न लिहिता मजकूर टाकायची सोय. वर्डप्रेसला पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि डेटाबेस लागतो, म्हणजे शेअर्ड होस्टिंग आलं. शेअर्ड म्हणजे एका सर्व्हरवर आपल्यासोबत आणखी पुष्कळ साइट असतात. साध्या साइटला ते पुरतं. पुढची पायरी व्हीपीएस, म्हणजे सर्व्हरचा फक्त आपल्यासाठी राखलेला भाग, पण तिथे सर्व्हरची सुरक्षा आणि अपडेट आपल्यालाच करावे लागतात. ते काम करणारा माणूस कायम हाताशी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

तिसरा प्रकार म्हणजे ओढून-सोडून साइट बनवायची सेवा, विक्स किंवा स्क्वेअरस्पेससारखी. फिजिओथेरपिस्ट बाईंनी असाच प्रकार घेतला, कारण त्यांना वेळ नोंदवण्याची सोय तयार हवी होती, आणि मीही हो म्हटलं. पण डोळे उघडे ठेवून घ्या. विक्सवर बनवलेली साइट उचलून दुसऱ्या सर्व्हरवर ठेवता येत नाही, कंपनी स्वतःच तसं सांगते. म्हणून बाईंच्या साइटवरचा सगळा मजकूर आणि मूळ फोटो मी एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते. निघायची वेळ आली तर भिंती इथेच राहतील, सामान आपलं असेल.

फुकटच्या जागेबद्दल जिओसिटीजची आठवण सांगते. १९९४ साली सुरू झालेली ही सेवा १९९९ मध्ये याहूनं विकत घेतली. लाखो लोकांनी तिथे आपली पहिली पानं बांधली होती. २००९ मध्ये ती बंद झाली. काही पानं स्वयंसेवकांनी धावपळ करून वाचवली, बाकीची गेली. फुकट घ्यायला माझी काहीच हरकत नाही, मी स्वतः घेते. पण मूळ प्रत आपल्या घरात आणि नाव आपल्या मालकीचं असेल तरच.

किती जागा लागते, ते मोजा

वाचनालयाच्या साइटचा हिशेब देते. महिन्याला सुमारे ९०० जण येतात, प्रत्येक जण सरासरी ३ पानं बघतो, एक पान फोटोंसकट दीड एमबीचं. ९०० गुणिले ३ गुणिले १.५ म्हणजे ४,०५० एमबी, साधारण ४ जीबीची महिन्याची वर्दळ. सगळ्या फाइली मिळून जागा लागते ती १ जीबीच्या आतच. होस्टचा सगळ्यात लहान प्लॅनही याच्या कितीतरी पट देतो. त्यामुळे 'फक्त थोडे जास्त भरून दुप्पट जागा' या आमिषाकडे मी बघतही नाही.

मजकुरानं जागा भरत नाही. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, काना-मात्रांचेही प्रत्येकी ३, तरीसुद्धा लांबलचक लेख शंभर केबीच्या आत मावतो. जागा खातात फोटो. फोनमधून आलेला ४-५ एमबीचा फोटो तसाच चढवू नका. रुंदी १,६०० पिक्सेलवर आणली की तो बहुधा २००-३०० केबीचा होतो आणि पडद्यावर फरक दिसत नाही.

'अनलिमिटेड' म्हणजे काय

पक्षीनिरीक्षकांचा गट वर्षातून एका रविवारी पक्षीगणना करतो. त्या सकाळी सगळे जण एकदम साइट उघडून आपापला विभाग बघतात. आमच्या प्लॅनवर अनलिमिटेड बँडविड्थ (म्हणजे वर्दळ), अनलिमिटेड जागा असं ठळक लिहिलेलं होतं. सकाळी सहा वाजता साइटवर ५०८ आकड्याची चूक झळकली: संसाधनांची मर्यादा संपली. माणसं अंधारात, दुर्बिणी गळ्यात घालून उभी, आणि कुणी कुठे जायचं हे कुणालाच कळेना. मी फोनवरून एकेकाला विभाग सांगत बसले होते.

बँडविड्थ खरंच अनलिमिटेड होती. पण एकाच वेळी किती विनंत्या सर्व्हर हाताळेल, याची मर्यादा होती २०. त्याला एंट्री प्रोसेस म्हणतात. ती विक्रीच्या पानावर नव्हती, होस्टिंगचा कारभार बघायच्या सीपॅनेल या पानावर उजव्या बाजूला बारीक अक्षरांत होती. शेअर्ड होस्टिंगमध्ये खऱ्या मर्यादा तीन असतात: एंट्री प्रोसेस, सीपीयू-मेमरी आणि इनोड. इनोड म्हणजे ढोबळमानानं फाइलींची संख्या. जागा अमर्याद असली तरी फाइलींच्या संख्येवर अट असू शकते, आणि मेलबॉक्समधलं एकेक पत्रही बहुधा एकेक फाइल म्हणून मोजलं जातं. हे तीन आकडे विकत घेण्याआधी लेखी मागा. जो होस्ट आकडे सांगतो तो, मर्यादा लहान असली तरी, मला जास्त विश्वासाचा वाटतो.

गणनेचा प्रश्न आम्ही मोठा प्लॅन न घेताच सोडवला. कॅशिंगचं प्लगइन (साइटला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) बसवलं, म्हणजे तयार पान थेट दिलं जातं आणि दर वेळी डेटाबेस उघडावा लागत नाही. पुढच्या वर्षी साइट हललीसुद्धा नाही.

अपटाइमचा, म्हणजे साइट किती वेळ चालू राहील याचा, आकडाही असाच उलगडून बघावा. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास साइट बंद राहिली तरी कंपनीनं शब्द पाळला, असा त्याचा अर्थ. साध्या साइटला ते चालतं. शब्द मोडला तर काय मिळतं हेही वाचा, बहुतेक ठिकाणी त्या महिन्याच्या भाड्यात थोडी सूट मिळते, एवढंच.

बॅकअप

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवा असा माझा आग्रह आहे.

१० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक पूर्ण इमारत जळाली आणि लाखो साइट एका रात्रीत बंद पडल्या. ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते, त्यातल्या काहींचा डेटा कायमचा गेला. म्हणून 'आम्ही रोज बॅकअप घेतो' एवढ्यावर समाधान मानू नका. पुढचे प्रश्न विचारा: तो कुठे ठेवता? किती दिवसांचा ठेवता? परत आणायचे वेगळे पैसे पडतात का? मला तो स्वतः डाउनलोड करता येतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तर मी तिथेच थांबते.

होस्टचा बॅकअप असला, तरी आपला वेगळा घ्या. वर्डप्रेसवर अपड्राफ्टप्लससारखं प्लगइन दर आठवड्याला प्रत काढून दुसरीकडे पाठवतं. आणि वर्षातून एकदा ती प्रत खरोखर परत उभी करून बघा. मी पहिल्यांदा तसं केलं तेव्हा दोन लेखकांपैकी एकाच्या साइटवर सगळ्या कवितांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळी दिसल्या. इंग्रजी शब्द तेवढे शाबूत होते, मराठी सगळं '????'. डेटाबेस जुन्या लॅटिन अक्षरसंचात काढला गेला होता. एकदा असं झालेल्या प्रतीतून मूळ अक्षरं परत मिळत नाहीत. चालू साइट जिवंत होती म्हणून वाचलो. देवनागरीत लिहिणाऱ्यांनी होस्टला विचारावं, की डेटाबेस यूटीएफ८एमबी४ या अक्षरसंचात आहे ना, आणि प्रत काढतानाही तोच निवडावा.

विकत घेण्याआधीचा एक आठवडा

दोन-तीन होस्ट नजरेत भरले की मी त्यांच्या सपोर्टला मुद्दाम वेगवेगळ्या वेळी लिहिते, एकदा दुपारी, एकदा मध्यरात्री. वरचे मर्यादांचे आणि बॅकअपचे प्रश्न विचारते आणि शेवटी हा: 'मी पुढच्या वर्षी सोडून गेले तर फाइली आणि डेटाबेस कसे मिळतील?' एकानं मला लगेच सीपॅनेलमधली जागा दाखवली, पायऱ्या लिहून दिल्या. दुसऱ्यानं 'तुम्हाला सोडावंसं वाटणारच नाही' असं लिहिलं. मी पहिल्याकडे गेले.

मग शक्य असेल तर एकाच महिन्याचा प्लॅन घ्यायचा. तीन वर्षांचे पैसे एकदम भरले की दरमहा स्वस्त दिसतं, पण ती किंमत पहिल्या खेपेपुरती असते. नूतनीकरणाचा दर दुप्पट-तिप्पट असणं या धंद्यात नेहमीचं आहे. तो दर शोधून काढा आणि दोन होस्टची तुलना त्याच दरावर करा.

त्या महिन्यात साइट चढवून वेग बघायचा. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्कच्या टॅबमध्ये पहिल्या ओळीवर सर्व्हरनं उत्तर द्यायला किती वेळ लावला ते दिसतं. सकाळी, दुपारी, रात्री, पाच-सहा दिवस लिहून ठेवा. एका होस्टवर मला सकाळी ०.४ सेकंद आणि रात्री नऊला जवळपास ३ सेकंद मिळाले होते, म्हणजे सर्व्हरवर गर्दी फार. सर्व्हर कुठे आहे यानंही फरक पडतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १०,००० किलोमीटरवर असेल तर एका जाण्यायेण्यालाच ०.१ सेकंद, आणि सुरक्षित पान उघडायला अशा साधारण तीन फेऱ्या लागतात. वाचक जिथे बहुसंख्य, त्याच्या जवळचं डेटा सेंटर निवडा.

साइटचं कनेक्शन सुरक्षित करणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्रासाठी वेगळे पैसे मागणारा होस्ट मी घेत नाही. लेट्स एन्क्रिप्ट २०१५ पासून ते फुकट देतं. २०१८ पासून क्रोम प्रमाणपत्र नसलेल्या साइटला असुरक्षित म्हणतं, त्यामुळे ते हवंच. ते आपोआप नवं होतं का, एवढं बघा. या प्रमाणपत्रांची मुदत टप्प्याटप्प्यानं कमी होत २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येणार आहे. दर वेळी हातानं करणं जमायचं नाही.

ईमेल होस्टिंगच्या पॅकेजमध्ये मिळतो, पण मी तो वेगळ्या सेवेकडे ठेवते. शेअर्ड सर्व्हरवरच्या एखाद्या शेजाऱ्यानं जाहिरातींची पत्रं पाठवली की त्याच आयपीवरून (सर्व्हरच्या आकडी पत्त्यावरून) जाणारी आपली पत्रंही स्पॅममध्ये पडतात. शिवाय साइट हलवताना पत्रव्यवहाराला धक्का लागत नाही.

हलताना

माजी विद्यार्थ्यांची साइट मी तीनदा हलवली आहे, आता हात बसला आहे. आदल्या दिवशी डीएनएसमधला टीटीएल (जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा) ३०० सेकंदांवर आणायचा, म्हणजे नवा पत्ता लवकर पसरतो. फाइली आणि डेटाबेस नव्या जागी चढवायचे. मग आपल्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये नव्या सर्व्हरचा आयपी लिहायचा. आता नवी जागा फक्त आपल्याला दिसते, जगाला जुनीच. एकेक पान, एकेक फॉर्म तपासून झाला, की डीएनएसमधली साइटच्या पत्त्याची नोंद, म्हणजे ए रेकॉर्ड, बदलायचा. एमएक्स रेकॉर्डला हात लावायचा नाही, तो ईमेलचा आहे. जुनं होस्टिंग आणखी दोन आठवडे चालू ठेवायचं, काहीतरी राहून गेलेलं असतंच.

वाचनालयाच्या कपाटात आता एक कागद आहे. त्यावर डोमेन कुठे आहे, कुणाच्या नावावर, मुदत कधी संपते, होस्टिंग कुठे, ईमेल कुठे, शेवटचा बॅकअप कधी उभा करून पाहिला, असं सगळं पेनानं लिहिलेलं आहे. पासवर्ड त्यावर नाहीत, ते कुणाकडे आहेत तेवढं आहे. दर जानेवारीत मी आणि चिटणीस तो काढून एकेक ओळ वाचतो आणि खाली तारीख घालून दोघांच्या सह्या करतो.